पट्ट्याचा रंग का सुटतो?



पाड्यावरील आपल्या चामडेकामाच्या वर्गातले पट्टे गेल्या नाताळात पुष्कळांनी घेतले. त्यांतले चार परत आले. घामाने रंग सुटून सदरे डागाळले होते. ते करणारा मुलगा म्हणाला, "ताई, मी वीटभट्टीवरच जातो." चूक त्याची नव्हती. सणाआधी माल द्यायचा म्हणून घाई मी केली होती.

आम्ही दोघांनी उरलेल्या तुकड्यांवर करून पाहिले. बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे स्पिरिटचा रंग चटकन पिते. पण न मुरलेला रंग वर पुडीसारखा राहतो. म्हणून रंगवलेला पट्टा पूर्ण एक दिवस सावलीत वाळवावा. मग फडके स्वच्छ निघेपर्यंत कोरडेच घासावे. त्यानंतर अ‍ॅक्रिलिक फिनिशचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला वाळल्यावरच दुसरा. जाड हात चिकट राहतो आणि पुढे तडकतो. रंग आधीच डागडाग बसला, तर बहुधा चामड्यावर हाताचे तेल लागलेले असते. शेवटी ओलसर पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर पट्टा विकू नये.

यापो येथे पेत्र कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी राहिला (प्रे. कृत्ये 9:43). लोक ज्या धंद्याला नाक मुरडत, त्याच घरात. हातांच्या कामाला मान द्यायचा, तर ते नीट शिकवायलाही हवे.

चारही पट्टे त्याच मुलाने नव्याने करून दिले. तो वर्गात येतो आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा.