आधी त्या आजीकडे जा

पानशेत

चि. मुक्ता,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर कागदावर लिहितेय, मोबाइलवर माझं बोट आणि डोकं एकत्र चालत नाही. रात्रपाळीत आमच्या भागातल्या एका आजीला तू वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलंस, गोळ्या बंद केल्या म्हणून अडाणी म्हणालीस. आता लाज वाटते. म्हणून इगतपुरीला विपश्यनेला जायचं, आधी स्वतःला सुधारायचं, समाजाचं मग बघू. वर मलाच सुनावतेस, की अपुरं धरण भरलं तर काय होतं ते पानशेतकरांना कुणी सांगायला नको!

टोला बसला. पण धरणाचं काम कधीतरी पुरं होतं, माणसाचं नाही. 1961 साली काम उरकण्याआधी पाणी अडवलं, ती घोडचूकच. पण 11 जुलैच्या रात्री खचत्या बांधावर वाळूची पोती रचणारे जवानही होते. धरण फुटलं ते 12 तारखेला सकाळी, पुणं झोपेत असताना नाही. त्या जवानांतला कुणी आधी राग जिंकून आला होता की नाही, कोण जाणे.

चूक निस्तरायची कशी, ते सांगते. माझ्या शाळेत एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू, बाई शिकवायच्या, रास्ता पेठेतल्या. पूर्वज कोकणातले 'शनिवार तेली', शनिवारी घाणा बंद ठेवणारे. पावसाळा सरता सरता त्यांचा योम किप्पूर यायचा, कडकडीत उपासाचा दिवस. कोकणातल्या जुन्या घरांत त्या दिवशी दारं लावून घेत. आमच्या बाई मात्र त्याआधी स्टाफरूममध्ये एकेकाच्या टेबलाशी जायच्या. "सुपरव्हिजनच्या यादीवरून मी तुम्हाला चारचौघांत टोचून बोलले, ते चुकलं." 'कळत-नकळत काही झालं असेल तर' असलं मोघम काही नाही. ऐकणाराच कानकोंडा व्हायचा.

देवाशी चुकलो तर उपासाने भागतं, माणसाशी चुकलो तर त्याची समजूत काढेपर्यंत भागत नाही, असं त्यांचं शास्त्र. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित मैमोनिदीस तुझ्याच धंद्यातले, कैरोत वैद्यकी करायचे. ते आणखी कडक. समोरच्याने माफ केलं नाही तर तीन सोबती घेऊन पुन्हा जा, तरीही नाही तर परत जा. आणि आपण सुधारलो हे ओळखायचं कधी? तोच प्रसंग पुन्हा आला, तसंच वागणं हातात होतं, तरी वागलो नाही, तेव्हा. इगतपुरीत तो प्रसंग येणार नाही गं. वॉर्डात येईल, पहाटे तीनला.

जग दुरुस्त करणं, ज्याला ज्यू लोक तिक्कुन ओलाम म्हणतात, ते स्वतःला घडवून झाल्यावर हाती घ्यायचं काम नव्हे. डॉ. जेरुशा झिराड बघ, बेने इस्रायलीच. 1928 ते 1947 मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. बाळंतपणात बायका का दगावतात, याचा त्यांनी शहरभर छडा लावला. आणि आपल्या समाजाची उपासना सुधारायला 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभारणाऱ्यांतही त्या होत्या. एक आटोपून दुसरं, असं नाही.

विपश्यनेला जा की, माझी ना नाही. पण आधी त्या आजीकडे. काय बोललीस ते नाव घेऊन सांग. मग गोळ्या का थांबवल्या ते विचार आणि गप्प बस. संपल्या असतील. पुण्याला यायचं तर दिवसाची मजुरी जाते, पावसात एसटीचा भरवसा नाही. जास्त दिवसांच्या देता येतात का बघ, जवळच्या आरोग्य केंद्रात मिळतील का तेही कार्डावर लिहून दे, मोठ्या अक्षरात, तुमच्या त्या डॉक्टरी अक्षरात नको.

डिस्चार्ज झाला असेल तर रविवारी पानशेतपर्यंत ये. तीन सोबती मी कुठून आणू, पण पुढे मी येते बरोबर. छत्री आण, माझी मोडलीय.

तुझी,
आत्या