शाळेत शिकलेलं कॉलेजात मोजलं जातं का? क्रेडिट म्हणजे काय, आणि आपल्या मुलांसाठी त्याचा उपयोग



परदेशातली नातेवाईक मंडळी सुट्टीला गावी आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "आमच्या मुलीनं शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवले." ऐकणारा पालक मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारतो, "गुरुजी, हे क्रेडिट काय असतं? आपल्याकडं मिळतं का?"

आज याच प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ. कारण आपल्या कळंब परिसरात, आंबेगाव-जुन्नरमध्ये, हे उत्तर माहीत नसल्यामुळे मुलांची वर्षं वाया जातात.

क्रेडिट म्हणजे काय?

क्रेडिट हा शब्द नवा वाटतो, पण कल्पना आपल्या ओळखीची आहे. दहावीत एखादा विद्यार्थी गणित आणि इंग्रजीत नापास झाला, तर तो बाकीचे विषय पुन्हा देतो का? नाही. पास झालेले विषय त्याच्या नावावर जमा राहतात. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. म्हणजेच एकदा शिकून सिद्ध केलेली गोष्ट पुन्हा सिद्ध करायला लावायची नाही. क्रेडिटचं मूळ एवढंच आहे.

अमेरिकेत हीच कल्पना शाळेकडून कॉलेजकडे नेली आहे. तिथे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला 'ड्युअल एनरोलमेंट'. यात अकरावी-बारावीतला विद्यार्थी जवळच्या कॉलेजचा एखादा विषय शिकतो आणि तो विषय शाळेतही धरला जातो, कॉलेजातही. दुसरा मार्ग 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट', म्हणजे एपी. यात शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून मे महिन्यात परीक्षा द्यायची. गुण १ ते ५ मध्ये मिळतात. पुष्कळ कॉलेजं ३ किंवा त्याहून अधिक गुणांना क्रेडिट देतात, काही ४ किंवा ५ मागतात, काही देतच नाहीत. शेवटचा निर्णय कॉलेजचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपल्या देशात काय ठरलं आहे?

२९ जुलै २०२० रोजी नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. २०२१ मध्ये उच्च शिक्षणासाठी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. नावाप्रमाणे ही बँकच आहे, फक्त खात्यात पैशांऐवजी क्रेडिट जमा होतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला आणि त्यात शाळा, व्यवसाय शिक्षण आणि कॉलेज हे तिन्ही एकाच शिडीवर मांडले गेले.

हिशेब असा आहे:

• शिकण्याचे ३० तास = १ क्रेडिट. यात वर्गातला तास, प्रात्यक्षिक, प्रकल्प, खेळ असं सगळं येऊ शकतं.
• वर्षाचे १२०० तास = ४० क्रेडिट.
• पाचवी म्हणजे पायरी १, आठवी २, दहावी ३, बारावी ४. पदवीचं पहिलं वर्ष ४.५. सर्वांत वर पीएच.डी., पायरी ८.
• तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट, चार वर्षांच्या पदवीला १६०.

दोन गोष्टी मात्र पालकांना स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली, मूल्यमापन झाल्याशिवाय क्रेडिट नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आपली मुलं खोडदला जीएमआरटी बघायला जातात. ४५ मीटर व्यासाच्या त्या अवाढव्य दुर्बिणी पाहून भरपूर शिकतात. नारायणगावच्या बाजारात वडिलांसोबत टोमॅटोचे क्रेट मोजणारा मुलगा व्यवहारी गणित आपल्याला शिकवेल. पण कुणी तपासलं नाही, कुठं नोंदलं नाही, तर त्याचा क्रेडिट होत नाही. शिकणं वेगळं आणि मोजलं गेलेलं शिकणं वेगळं.

दुसरी, पायरी महत्त्वाची. बारावीचे ४० क्रेडिट आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट सारखे नाहीत, कारण पायरी वेगळी आहे. त्यामुळे शाळेतले क्रेडिट कॉलेजात आपोआप वजा होत नाहीत. आराखडा कागदावर आहे, पण अमेरिकेसारखं "अकरावीत चार विषय केले, कॉलेजात तेवढे कमी झाले" असं आपल्या मुलांच्या बाबतीत आज होत नाही.

मग पालकाला "आपल्याकडं नाही" एवढंच सांगून परत पाठवायचं का? मुळीच नाही.

आपल्याकडे क्रेडिट वर्षांमध्ये मिळतं

महाराष्ट्रात ही सोय पुष्कळ आधीपासून आहे, फक्त तिचं नाव वेगळं आहे. तिला 'थेट द्वितीय वर्ष प्रवेश' म्हणतात. इथे विषय वजा होत नाहीत, आख्खं वर्ष वजा होतं!

उदाहरण लांब शोधायला नको. मंचरच्या पुढे अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालयही आहे. म्हणजे डिप्लोमा आणि डिग्री दोन्ही एकाच गावात, आपल्याच तालुक्यात. दहावीनंतर तिथपर्यंत जाण्याचे रस्ते फळ्यावर असे मांडा:

१) दहावी → बारावी विज्ञान (२ वर्षं) → अभियांत्रिकी पदवी (४ वर्षं). एकूण ६ वर्षं.

२) दहावी → डिप्लोमा (३ वर्षं) → पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला (३ वर्षं). एकूण ६ वर्षं.

३) दहावी → दोन वर्षांचा आयटीआय → डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला (२ वर्षं) → पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला (३ वर्षं). एकूण ७ वर्षं.

४) दहावी → बारावी विज्ञान किंवा व्यवसाय अभ्यासक्रमाची बारावी (२ वर्षं) → डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला (२ वर्षं). डिप्लोमा हातात यायला एकूण ४ वर्षं.

आता चौथा रस्ता पुन्हा वाचा. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मुख्यतः गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असे पायाभूत विषय असतात. बारावी विज्ञानच्या मुलाने ते आधीच केलेले असतात, म्हणून त्याचं एक वर्ष माफ. शाळेच्या वयात कॉलेजचं क्रेडिट मिळवणं म्हणजे दुसरं काय? बारावीनंतर सीईटीत कमी गुण पडले म्हणून "आता काही खरं नाही" म्हणत घरी बसलेली मुलं आपल्या आजूबाजूला असतात. त्यांच्यातल्या कितीजणांना हे दार माहीत आहे?

पहिला आणि दुसरा रस्ता वेळेत सारखेच आहेत, पण हातात काय पडतं ते बघा. दुसऱ्या रस्त्यात प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पुढे पदवीला डिप्लोमाच्या गुणांवर, मध्ये सीईटी नाही. तीन वर्षांनी काही कारणाने शिक्षण थांबलंच, तरी डिप्लोमा हातात असतो. पहिल्या रस्त्यात तिसऱ्या वर्षी थांबलं तर हातात फक्त बारावी. ज्या घरात मुलीच्या शिक्षणाचा विचार वर्षा-वर्षाने होतो, 'यंदा शिकू दे, पुढचं पुढं बघू' असं म्हटलं जातं, त्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे.

तिसऱ्या रस्त्यात एक वर्ष जास्त लागतं हे लपवू नका. पण त्या मुलाकडे दोन वर्षांतच ट्रेडचं प्रमाणपत्र येतं आणि वर चढायचा रस्ताही उघडा राहतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळण्याचीही सोय आहे. "आयटीआयला गेला, शिक्षण संपलं" हे वाक्य आता आपल्या बोलण्यातून जायला हवं.

सूचना: थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मर्यादित असतात, किमान गुणांची अट असते आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्या वर्षीची तंत्रशिक्षण संचालनालयाची माहिती पुस्तिका बघूनच सल्ला द्या. आणि बारावीहून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलाला सुट्टीत इंजिनिअरिंग ड्रॉइंगची तयारी करायला सांगा. तो विषय वर्गात आधीच शिकवून झालेला असतो आणि मुलं तिथेच अडतात.

हाताने शिकलेलंही मोजता येतं

शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. तिथून तयार झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांमध्ये आठवी ते दहावीला शिकवला जातो. वर्कशॉप, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. मुलं वेल्डिंग करतात, रोपं लावतात, आणि राज्य मंडळाने तो विषय म्हणून मान्य केल्यामुळे त्याचे गुण दहावीच्या गुणपत्रकात येतात. हाताचं काम शाळेच्या हिशेबात कसं आणायचं, हे पाबळने धोरण येण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलं.

जाहिरात आली तर तीन प्रश्न

'क्रेडिट' शब्द चलनात आल्यापासून मोबाईलवर कोर्सच्या जाहिराती वाढल्या आहेत. पैसे भरण्याआधी पालकांनी विचारावं:

१) प्रमाणपत्र कोण देणार? मान्यताप्राप्त मंडळ, विद्यापीठ की खाजगी क्लास?
२) हे क्रेडिट कोणत्या पायरीचं आहे?
३) ज्या कॉलेजात जायचं आहे, ते हे धरणार असं लेखी कुठं आहे?

तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर तो कोर्स ज्ञानासाठी खुशाल करा, वर्ष वाचेल या आशेने नको.

आपण प्राथमिक शिक्षक यात काय करू शकतो?

तुम्ही म्हणाल, हे सगळं दहावीनंतरचं, आपल्याकडं तर पहिली ते सातवी. पण क्रेडिटचं खातं उघडतं ते नावावर, आणि ते नाव आपण जनरल रजिस्टरला लिहितो.

अपार आयडी हा विद्यार्थ्याचा १२ अंकी क्रमांक पालकांच्या संमतीने तयार होतो. त्यासाठी युडायस प्लसमधलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळावी लागते. एका वेलांटीचा, एका अक्षराचा फरक पुढे मुलाला अडवू शकतो. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली दुरुस्ती फार किचकट होते. म्हणून:

• पहिलीच्या प्रवेशावेळीच जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव तपासा.
• सातवीचा दाखला देण्याआधी पालकांना नोंद वाचून दाखवा.
• संमतीपत्र भरून घेताना ते कशासाठी आहे ते दोन मिनिटं समजावून सांगा.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता सहावी-सातवी)

मुलांना विचारा: रोज अर्धा तास अवांतर वाचन केलं, तर ३० तास किती दिवसांत होतील? (६० दिवस.) रोज ४० मिनिटं लेझीमचा सराव केला तर? (४५ दिवस.) मग पुढचा प्रश्न: तुम्ही खरंच शिकलात हे दुसऱ्याला कसं दाखवाल? त्यावर मुलं जी उत्तरं देतील, तीच मूल्यमापनाची खरी ओळख. शेवटी वर दिलेले चार रस्ते तक्त्यावर काढून वर्गात लावा, आणि पुढच्या पालकसभेत तोच तक्ता बाहेर आणा. दहावीचा निकाल लागल्यावर पालकांची धावपळ होते, तेव्हा शांतपणे ऐकायला कुणाला वेळ नसतो. सहावी-सातवीच्या पालकांना तो असतो.