मंदावलेला लॅपटॉप

गेल्या उन्हाळ्यात घनसावंगी तालुक्यातील एक मोसंबीचे बागायतदार आपल्या कन्येचा लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. यंत्र सुरू होई. परंतु अक्षर टंकले की ते पडद्यावर उमटेपर्यंत वाट पाहत बसावे लागे. दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान होऊन नवे यंत्र घेण्याचा सल्ला मिळाला होता. मुलीच्या प्रवेशअर्जास चार दिवस उरले होते आणि बागेचा पैसा हाती यावयाचा होता. कर्ज काढण्यापूर्वी एकदा मास्तरांस दाखवावे, एवढ्याच हेतूने ते आले. आम्ही यंत्रविशारद नव्हे, पदार्थविज्ञान शिकवितो इतकेच. तथापि त्या दिवशी जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहोत.

लॅपटॉपचा प्रोसेसर सदासर्वदा एकाच वेगाने चालत नाही. काम नसले म्हणजे तो आपला वेग व विद्युद्दाब दोन्ही उतरवितो. खर्च होणारी शक्ती ही वेगाच्या प्रमाणात व विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला आणि दाब पाच भागांचा चार भाग केला, तर खर्च १६/२५ × १/२, म्हणजे ८/२५ होतो. एक तृतीयांशाहूनही कमी! बॅटरी तासन्‌तास पुरते ती या हिशेबामुळे. वेग केव्हा चढवावा व उतरवावा, याविषयी यंत्र आणि विंडोजसारखी प्रणाली यांनी परस्परांशी कसे बोलावे याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ साली ‘एसीपीआय’ या नावाने प्रसिद्ध केले. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधील दुभाषी होय.

आम्ही प्रथम या दुभाष्यावरच संशय घेतला, आणि त्यात आमचे दोन तास गेले. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून प्रोसेसरच्या नावापुढे पिवळे चिन्ह आहे काय ते पाहिले, नव्हते. वास्तविक प्रोसेसरचा ड्रायव्हर बहुधा विंडोजबरोबरच येतो व सहसा बिघडत नाही. चिपसेटचा ड्रायव्हर मात्र यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर फुकट सुधारून देतो’ म्हणणारे आगंतुक प्रोग्राम घरात घेऊ नयेत. या यंत्रात तसा एक निघाला, तो आम्ही काढून टाकला. त्यानेही फरक पडला नाही. पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा कोणी खाली ओढून ठेवली असावी म्हणून तेही पाहिले. ती पुरती शंभर टक्के होती.

शेवटी जे आरंभी करावयास हवे होते ते केले. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’मधील ‘परफॉर्मन्स’ हे पान उघडले. प्रोसेसरचा वेग एक गीगाहर्ट्झच्याही खाली खिळलेला! सहज चार्जरची पिन उपसली, तो आकडा झरझर वर चढला. पुन्हा लावली, पुन्हा खाली.

तेव्हा आम्ही चार्जर उलटा करून वाचला. त्यावर ४५ वॅट छापले होते. यंत्रास ६५ हवे होते. मुलगी म्हणाली, “मूळची वायर उंदराने कुरतडली, म्हणून बाबांनी बाजारातून दुसरा आणला.” पुष्कळ लॅपटॉप आपला चार्जर ओळखतात, तो अनोळखी वा अपुरा वाटल्यास प्रोसेसरला दाबून ठेवतात, आणि कित्येक तर बॅटरी भरणेही थांबवितात. दुसऱ्या विद्यार्थ्याचा त्याच कंपनीचा ६५ वॅटचा चार्जर लावताच वेग तीन गीगाहर्ट्झपलीकडे गेला. वडील बराच वेळ त्या आकड्याकडेच पाहत राहिले. अर्ज त्याच सायंकाळी आमच्या टेबलावरून रवाना झाला.

उष्णतेनेही असेच होते. आत सुमारे १०० अंश सेल्सिअस झाले म्हणजे प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ वेग उतरवितो. जालन्यात वैशाखात बाहेरची हवाच ४० अंशांवर जाते; त्यात पंख्याच्या जाळीत धूळ व खाली गोधडी! गोधडीऐवजी लाकडी पाट चालेल. जाळी साफ करावयाची ती यंत्र बंद करून व चार्जर काढून. दप्तरात घालतानाही नुसते झाकण मिटू नये. आजची काही यंत्रे झोपेतही अर्धवट जागी असतात व दप्तरातच तापून बॅटरी संपवितात. ‘हायबरनेट’ करावे किंवा पूर्ण बंद करावे.

निघण्यापूर्वी बॅटरीही तपासली. ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘पॉवरसीएफजी’, थोडी जागा सोडून तिरकी रेघ व तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजी अक्षरांत टंकल्यास विंडोज एक अहवाल तयार करते. त्यातील मूळ क्षमता व आजची क्षमता ताडून पाहावी. या यंत्राची निम्मीच उरली होती. गावी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही; म्हणून चार्जर त्याच आठवड्यात, आणि बॅटरी मोसंबीचे पैसे आल्यावर, असे बापलेकीने आमच्यासमोरच ठरविले.