घरच्या संगणकावरील फायरवॉलची सूचना वाचावी कशी?



ऊस नोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा लागणीची तारीख, बेणे, हुमणी यांच्या जोडीला अलीकडे एक निराळाच प्रश्न कानावर येतो. "साहेब, घरच्या कॉम्प्युटरवर मधूनच चौकट येते. फायरवॉलनं काहीतरी अडवलंय म्हणते. हो म्हणायचं का नाही?" यावर घरोघरी दोनच उपाय चालतात. मोठी माणसे घाबरून संगणक बंद करतात आणि मुलं न वाचताच 'अलाऊ'वर टिचकी मारून मोकळी होतात. उसाचे बिल आता बँकेत जमा होते, आणि ते खाते पुष्कळ सभासद ह्याच संगणकावर उघडून बघतात. तेव्हा ही चौकट समजून घेतलेली बरी.

संगणकाला बाहेरच्या यंत्रांशी बोलण्यासाठी क्रमांक घातलेली दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. ह्या दारांवरचा राखणदार म्हणजे फायरवॉल. कारखान्याच्या गेटवर तोडणीची चिठ्ठी असलेली गाडी आत येते, बिनचिठ्ठीची बाहेर थांबते, तसेच हे काम चालते. आपण सातबारा पाहण्यासाठी संकेतस्थळ उघडले की ती मागणी आपल्याकडून गेलेली असते. म्हणजे चिठ्ठी आपणच फाडलेली असते. त्याचे उत्तर परत येताना फायरवॉल अडवीत नाही. न बोलावता आलेल्याला मात्र ती बाहेरच ठेवते, आणि हे दिवसभर गुपचूप चालू असते. प्रत्येक वेळी ती आपल्याला विचारीत बसत नाही.

मग विचारते कधी? आपल्याच संगणकातला एखादा कार्यक्रम जेव्हा म्हणतो की, "माझ्याकडे बाहेरून कोणी कोणी येणार आहे, माझ्यासाठी एक दार उघडं ठेवा," तेव्हा. म्हणजे चौकट आली याचा अर्थ चोर घरात शिरला असा नव्हे. आतल्याच एका गड्याने दार उघडे ठेवायची परवानगी मागितली आहे, एवढाच तिचा अर्थ. तो गडी आपला आहे की नाही, हे पाहणे मालकाचे काम.

दार उघडे राहिले तर काय होते, हे ऑगस्ट २००३ मध्ये जगाने पाहिले. ब्लास्टर नावाची संगणकी कीड तेव्हा पसरली. तिला कोणी फाइल उघडून द्यायची गरजच नव्हती. दुरुस्ती न बसवलेला विंडोज एक्सपीचा किंवा २०००चा संगणक नुसता इंटरनेटला जोडला की १३५ क्रमांकाच्या दाराने ती आत शिरे, आणि पुष्कळदा पडद्यावर ६० सेकंद मोजून संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. एक्सपीमध्ये २००१ पासूनच फायरवॉल दिलेली होती, पण ती मुळात चालू केलेली नसे! राखणदार नेमला खरा, त्याला गेटवर उभा कोणी केला नाही. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने ती आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. पुढे मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ४४५ क्रमांकाच्या दाराने असाच धुमाकूळ घातला. त्यावरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले.

आता चौकटीकडे वळू. तीत कार्यक्रमाचे नाव असते, पब्लिशर म्हणजे तो कोणी बनवला ते असते, आणि पाथ म्हणजे तो संगणकात कुठे ठेवला आहे ते असते. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत मांडणी थोडी बदलली आहे, विचारणा तीच आहे. स्वतःला विचारायचे ते इतकेच, की हा कार्यक्रम आपण आत्ताच, जाणूनबुजून सुरू केला होता का? नवा प्रिंटर जोडताना त्याच्या कंपनीच्या नावाने चौकट आली, किंवा दोन संगणकांवर एकच हिशेब चालवताना हिशेबाच्या कार्यक्रमाने विचारले, तर ते समजण्यासारखे आहे. पण आपण काहीच केलेले नाही, नाव अनोळखी आहे, पब्लिशरच्या जागी 'अननोन' आहे, तर सरळ 'कॅन्सल' करावे. त्याने काही बिघडत नाही. विंडोज त्या कार्यक्रमासाठी अडवणुकीचा नियम लिहून ठेवते. गरज पडली तर विंडोज सिक्युरिटीमधल्या फायरवॉलच्या पानावर जाऊन तो बदलता येतो. चुकून दिलेली परवानगीही तिथेच काढून घेता येते.

चौकटीत प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन प्रकारही दिसतील. घरचे वायफाय ते प्रायव्हेट. स्टँडवरचे, लॉजवरचे, परक्याचे ते पब्लिक. परवानगी द्यायचीच तर प्रायव्हेटपुरती द्यावी. मुलाने पुण्याला वसतिगृहात नेलेल्या लॅपटॉपवर तर ही गोष्ट आवर्जून पाहावी.

एक मर्यादाही सांगायला हवी. विंडोजची फायरवॉल आत येणाऱ्यांना अडवते. बाहेर जाणाऱ्याला, वेगळा नियम लिहिला नसेल तर, सहसा विचारीत नाही. मेलमधून आलेली फसवी फाइल आपण स्वतःच उघडली, तर ती संगणकातली माहिती बाहेर पाठवू शकते. बांधाला कुंपण घातले म्हणून बेण्यातून आलेला रोग थांबत नाही, तशातली गत.

खरा धोका मात्र खोट्या चौकटीचा आहे. इंटरनेटवर काही पाहता पाहता अचानक पडदाभर लाल पान उघडते, भोंगा वाजतो, 'फायरवॉल अलर्ट, संगणकात व्हायरस, ताबडतोब ह्या टोल फ्री नंबरवर फोन करा' असे लिहिलेले असते. ही फायरवॉल नव्हेच. ते एक नुसते वेबपान आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. खरी चौकट भोंगा वाजवीत नाही, फोन करायला लावत नाही आणि पैसे मागत नाही. अशा नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून ॲनीडेस्कसारखा कार्यक्रम बसवायला लावतो. (तो कार्यक्रम स्वतः वाईट नाही, पण परक्याच्या हाती तो म्हणजे आपल्या घराची किल्ली.) मग 'दुरुस्ती'च्या नावाखाली बँकेचे पान उघडायला सांगतो, आणि हंगामभराचे बिल बघता बघता दुसऱ्याच्या खात्यात जाते.

असे पान आले तर फोन करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. ते जमले नाही तर संगणकाचे बटण दाबून धरून तो बंद करावा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर 'आधीची पाने उघडू का' असे विचारील, त्याला नाही म्हणावे.

आणि फोन करून झालाच असेल, तर लाजून गप्प बसू नये. आधी इंटरनेट तोडावे, लगेच बँकेला कळवून खाते थांबवावे, आणि १९३० ह्या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार द्यावी. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदलावा. त्याच संगणकावर बसून बदलू नये. तक्रार जितक्या लवकर जाईल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.