डोळे धूसर, कान मात्र स्पष्ट

प्रश्न : माझा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे. ५० मिमी, एफ १.८ लेन्स घेतल्यापासून भाचीचे क्लोज-अप धूसर येतात. डोळ्यांवर फोकस करूनही कानच स्पष्ट दिसतात. लेन्स खराब निघाली का?

उत्तर : लेन्स परत करायची घाई नको. कान स्पष्ट आहेत, म्हणजे हात हललेला नाही. फोकस मागे सरकलाय. एफ १.८ वर एक मीटरवरून फोटो काढलात, तर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यापासून कान त्याहून कितीतरी दूर! त्यात बहुतेकजण मधल्या बिंदूने डोळा पकडतात, बटण अर्धं दाबून ठेवतात आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवतात. या वळवण्यातच फोकस डोळ्यामागे जातो. (मीही बरीच वर्षं हेच करत होतो.) त्याऐवजी फोकसचा बिंदूच जवळच्या डोळ्यावर नेऊन ठेवा, अॅपर्चर एफ २.८ ते ४ करा. मुलं स्थिर बसत नाहीत, तेव्हा शटर १/२५० च्या खाली नको; आयएसओ वाढला तरी चालेल.

तरीही शंका असेल, तर टेबलावर पट्टी तिरकी ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि एफ १.८ वरच एकाच आकड्यावर फोकस करून एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूवर फोटो काढा. लाइव्ह व्ह्यूचा अचूक आणि व्ह्यूफाइंडरचा दर वेळी मागे गेलेला दिसला, तरच दोष कॅमेरा आणि लेन्सच्या फोकस-जुळणीचा. काही कॅमेऱ्यांत ती मेन्यूतून सुधारता येते. तुमच्या कॅमेऱ्यात ती सोय नसेल, तर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला न्या.