चित्र फुकट, सही विकत

प्लॉट घेतला की पूर्वी पहिली फेरी आर्किटेक्टकडे व्हायची. आता पहिला प्लॅन मोबाइलवरच निघतो. ‘30 बाय 50 चा प्लॉट, पूर्वमुखी, टू बीएचके, देवघर ईशान्येला’ एवढं टाइप केलं की मिनिटभरात रंगीत एलेव्हेशन हजर. मग तेच चित्र घेऊन लोक ठेकेदाराला विचारतात, हे केवढ्याला पडेल? एआय हाताशी धरून घर बांधताना पैसा कुठे वाचतो आणि कुठे हात आखडता घेऊन चालत नाही, त्याचा हा हिशोब.

आधी एआयचाच खर्च. घरगुती कामापुरतं फुकटच्या आवृत्तीत भागतं. चॅटजीपीटीचा ‘गो’ प्लॅन ऑगस्ट 2025 मध्ये भारतात आला तो महिना 399 रुपयांना, ‘प्लस’ होता 1999 ला; नोव्हेंबरात तर ‘गो’ वर्षभर फुकट देण्याची योजनाही निघाली. म्हणून पैसे भरण्याआधी सवलत चालू आहे का ते बघा आणि काम झालं की ऑटो-पे बंद करा, नाहीतर वास्तुशांत होऊन गेली तरी पैसे कापले जात राहतील.

बाहेरून थ्रीडी एलेव्हेशन करून घ्यायला साधारण दोन-तीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत पडतात. ते वाचतात, शिवाय आर्किटेक्टला ‘तसं नको, असं हवं’ सांगण्यात जाणाऱ्या बैठकाही कमी होतात. मात्र चित्र नीट पाहा. एआयला काच फार आवडते आणि छज्ज्याचं वावडं आहे. कोकणात किंवा मावळात असं घर पहिल्याच पावसात खिडक्यांच्या सांध्यातून गळायला लागेल. जिना मोजा. दहा फूट चढायला सात इंची पायऱ्या सतरा-अठरा लागतात. चित्रात बरेचदा दहा-बाराच असतात आणि वरचा माणूस कुठून बाहेर येतो ते कळत नाही.

एआयने दिलेलं अंदाजपत्रकही नीट तपासून घ्या. समजा स्लॅब 1000 चौरस फुटांचा, जाडी 5 इंच. काँक्रीट झालं सुमारे 417 घनफूट, म्हणजे 11.8 घनमीटर. एम-20 च्या नेहमीच्या 1:1.5:3 मिश्रणाला घनमीटरमागे सिमेंटच्या आठेक गोण्या धरा: एकूण 95 च्या आसपास. वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास. बीम आणि कॉलम वेगळे. एआयचा आकडा याच्या जवळपास असेल तर पुढे जा. ते घन यार्डात बोलू लागलं किंवा त्याने गोण्या 60 सांगितल्या तर तिथेच थांबा. दुसरी गोम कराची. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. गोणीची मूळ किंमत 300 धरली तर 384 ऐवजी 354 होतात, 95 गोण्यांना 2850 रुपयांचा फरक. जुन्या माहितीवर शिकलेलं एआय अजून 28 टक्के लावू शकतं. काही ठेकेदारही लावतात, ती गोष्ट वेगळी.

माझ्या मते एआयचा खरा उपयोग कोटेशन वाचण्यात आहे. दोन-तीन ठेकेदारांची कोटेशनं नावं, फोन नंबर झाकून अपलोड करा आणि किंमत विचारू नका. ‘यात काय धरलेलं नाही?’ एवढंच विचारा. प्लिंथमधली भर, पॅरापेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, वॉटरप्रूफिंग, सेंटरिंगचं भाडं... स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं यातलंच काहीतरी गायब असतं आणि पुढे ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून बिलात उगवतं. दर चौरस फुटाला लावलाय तो कशावर, छज्जा आणि बाल्कनी त्यात मोजली का, हेही विचारून घ्या. यादी हातात आली की ठेकेदाराशी बोलणं तुमचं तुम्हीच करा.

आता जिथे वाचवू नये ते. मुंबई वगळता महाराष्ट्राच्या बहुतेक भागात 2020 ची यूडीसीपीआर ही बांधकाम नियमावली लागू आहे. समोर-बाजूला किती जागा सोडायची हे रस्त्याच्या रुंदीसारख्या गोष्टींवर ठरतं, आणि परवानगीच्या नकाशावर परवानाधारक तंत्रज्ञाची सही लागते. एआयच्या प्लॅनवर ‘नुसती सही’ स्वस्तात देणारेही भेटतात. असा सौदा करू नका. भेग पडली तर तो माणूस साइटवर कधी आलेलाच नसतो. आरसीसी डिझाइनला चौरस फुटाला साधारण दहा-वीस रुपये जातात. बांधकामाचा दर 1800 ते 2500 धरला तर ही रक्कम साधारण अर्धा ते एक टक्का. सळई किती आणि कुठे, हे तिथेच ठरू द्या.

तसंच क्यूब टेस्टचं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 6 ते 15 घनमीटर काँक्रीटला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. आपल्या स्लॅबला सहा. 28 दिवसांनी लॅबमध्ये दाबून पाहिल्यावरच ताकद कळते. मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी पडलं की नाही, हे काँक्रीट घट्ट झाल्यावरच्या फोटोवरून कोणतंही एआय सांगू शकत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांना हल्ली ब्रोशरमध्ये ‘एआय मॉनिटरिंग’ दिसतं. मोठ्या साइटवर हेल्मेटला 360 अंशांचा कॅमेरा लावून फिरतात. ओपनस्पेस, बिल्डॉट्ससारखी सॉफ्टवेअरं त्या चित्रणावरून काम कुठवर आलं ते दाखवतात. चांगली सोय आहे, पण ती बिल्डरची. तिच्यासाठी चौरस फुटामागे जास्त मोजायचे असतील तर विचारा, माझ्या फ्लॅटचे फोटो मला मिळतील का? बांधकामातल्या दोषांसाठी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डर जबाबदार असतो, ते रेरा कायद्यानेच आहे. त्याचे वेगळे पैसे नसतात.

स्वतःचं घर असेल तर प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, वायरिंगच्या आणि नळाच्या पाइपांशेजारी टेप धरून, जमिनीपासूनचं अंतर दिसेल असा. पुढे गीझर लावायला आलेला माणूस ड्रिल कुठे मारू विचारेल, तेव्हा तोच फोटो दाखवा.