आधी कान, मग हात

परवा तू फोनवर म्हणालीस, "मामा, जुन्या बाजारात मराठी टाइपरायटर होता, पण बिघडलेला. मात्रा मारली की कॅरेज जागचं हलत नव्हतं. सोडून आले." त्या रात्री मला झोप लागली नाही. अगं पोरी, मात्रेला कॅरेज हलत नसतंच! मात्रा, उकार, अनुस्वार, रफार या डेड की. टाइप उमटतो, गाडी थांबून राहते, कारण मात्रेला अक्षराच्या डोक्यावर बसायचंय, शेजारी नाही. गाडी हलली असती तर मशीन बिघडलेलं. पन्नासहून कमी कळांत अख्खी देवनागरी कोंबायची म्हणून हे सगळं करावं लागलं. काही अक्षरांचं अर्धं रूप मारायचं, मग काना मारायचा, तेव्हा पूर्ण अक्षर होतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. चांगलं मशीन हातचं घालवलंस. असो, बुधवारी पुन्हा बाजार आहे.

चाळीस वर्षं कचेऱ्यांची मशिनं दुरुस्त करत फिरलो, त्यातून एकच गोष्ट कळली. मशिनं बंद पडल्यानं जेवढी मेली नाहीत, तेवढी ती चालू करण्याच्या घाईनं मेली. तुला गोळा करण्याचा नाद लागलाय, चांगलं आहे. पण आणलेल्या वस्तूला पहिला आठवडा नुसतं बघायचं. कळ दाबून ऐकायचं. हात नंतर.

बाजारात उभं राहून काय बघायचं ते सांगतो. दुकानदाराकडे कागद माग. नाही म्हणाला तर पिशवीतला दुहेरी कागद लाव, एकेरी कागदावर रोलरला टाइपांचे घाव बसतात. प्रत्येक कळ मार, शिफ्टसकट. एखादा टाइप झिजलाय का, ओळ वर-खाली होतेय का बघ. रिबिन वाळलेली असेल तर घाबरू नकोस, अर्ध्या इंचाची रिबिन अजून मिळते. मात्र मूळची चक्री टाकू नकोस, नवी रिबिन तिच्यावरच गुंडाळ. कॅरेज कुठल्याच कळेला सरकत नसेल तर बहुतेक वेळा स्प्रिंगच्या डब्यापासून कॅरेजला ओढणारी पट्टी तुटलेली असते. दुकानदार त्याला "मशीन गेलंय" म्हणतो आणि भाव पाडतो. आपण गप्प बसून घ्यायचं. मासे धरायच्या जाड दोऱ्यानं ते काम भागतं. फक्त तो स्प्रिंगचा डबा एकदम सुटू देऊ नकोस, बोटं फोडतो.

भावाचं म्हणशील तर "शेवटचं गोदरेज" या शब्दांवर एक रुपया जास्त देऊ नकोस. गोदरेजनं १९५५मध्ये टाइपरायटर बनवला आणि २००९च्या सुमाराला शिरवळला उत्पादन थांबवलं. २०११मध्ये जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद झाल्याची बातमी परदेशी पेपरांतसुद्धा फिरली. ती खरी नव्हती, बाहेर इतरत्र मशिनं बनत होती. पण तेव्हापासून जुन्या बाजारातली प्रत्येक गोदरेज प्रायमा "शेवटची" झाली. प्रायमा हजारोंनी निघाल्या आहेत. चांगलं मशीन आहे, दुर्मीळ नाही.

उचलताना दोन्ही बाजूंचे मार्जिन मधे आणून कॅरेज अडकव आणि खालच्या चौकटीला धरून उचल. कॅरेजला धरून उचललेलं मशीन मी दुरून ओळखतो.

आता तेल. घरात शिवणयंत्राची बाटली असते, आणि प्रत्येकाला वाटतं घट्ट झालं की तेल सोडायचं. टाइपांच्या दांड्या ज्या अर्धगोल खाचांत बसतात तिथे तेलाचा थेंबही नको. आज मशीन लोण्यासारखं चालेल, आणि तीन महिन्यांनी त्या तेलात धूळ बसून असा चिकटा होईल की टाइप वर गेला की परत येणार नाही. जुन्या टूथब्रशला पेट्रोल लावून खाचा धुवायच्या, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, आणि कोरड्याच ठेवायच्या. तेल फक्त कॅरेजच्या रुळांना, तेही चिंधीला पुसून. रबरी रोलरला पेट्रोल नको, स्पिरिट. आणि रंगाला स्पिरिट नको, साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं. हे उलटसुलट करून एका जुन्या मशीनवरचं सोनेरी नाव मी स्वतः पुसून टाकलंय. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

फॅसिट मिळाली तर मात्र विचार न करता घे. स्वीडनची हिशेबाची मशीन, उजव्या बाजूला हँडल. एके काळी विमा कचेऱ्यांत आणि कॉलेजांच्या संख्याशास्त्र विभागात हिचाच आवाज असायचा. हँडल पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी, आणि वजाबाकी शून्याखाली गेली की घंटी वाजते. भागाकार त्या घंटीवरच चालायचा: घंटी वाजली की एक फेरा परत द्यायचा आणि घर सरकवायचं. तपासायची युक्ती सोपी आहे. नऊ वेळा नऊ दाबून एक फेरा. मग ते नऊ पुसून एक दाबून एक फेरा. हातचा टकटक करत डावीकडे पळत जाऊन नऊही घरांत शून्य आणि दहाव्या घरात एक आला पाहिजे. मधेच अडला तर तिथला दात झिजलाय किंवा तेल गोठलंय. अगदी डावीकडच्या एखाद-दुसऱ्या घरात काही जुन्या मशिनांत हातचा जातच नाही, तो दोष नव्हे. आणि हँडल अर्ध्या फेऱ्यात अडकलं तर जोर लावायचा नाही. फेरा पुरा होईपर्यंत आतून कुलपं पडलेली असतात. ती जोरानं उघडत नाहीत, तुटतात.

कॉम्प्युटरचं सगळ्यात नीट ऐक, कारण इथे माझ्याही हातून पाप घडलंय. एका ओळखीच्या हिशेबनिसाच्या माळ्यावर २८६ होता, पंधराएक वर्षं गुंडाळून ठेवलेला. मला बोलावलं, मी धूळ फुंकली आणि लावलं बटण. पडद्यावर मेमरी मोजायला सुरुवात झाली. घरातले टाळ्या वाजवू लागले. मिनिटभरात फट्‌ झालं आणि पॉवर सप्लायमधून असा कुजका धूर आला की वरच्या मजल्यावरचे विचारायला आले. वीज गाळणारा कागदी कपॅसिटर होता. त्याच्या पिवळट कवचाला वर्षानुवर्षांत भेगा पडतात, त्यातून पावसाळ्याची ओल आत जाते आणि वीज मिळाली की तो फुटतो. दहा रुपयांची वस्तू. आधी बदलली असती तर काही झालं नसतं.

म्हणून प्लग लावायच्या आधी डबा उघड. मदरबोर्डवर निळी नळकांड्यासारखी बॅटरी असेल तर ती पहिल्यांदा कापून काढ, मशीन चालणार असो वा नसो. ती गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा हिरव्या करून खाते. गळालेलं अल्कली असतं, म्हणून कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसायचं, मग स्पिरिटनं. मग मागचा छोटा लाल खटका बघ. ११५वर असेल तर २३०वर कर. अमेरिकेहून कुणाच्या भावानं पाठवलेल्या काही मशिनांना तो खटकाही नसतो, ती सरळ ११०ची असतात. त्यांना ट्रान्सफॉर्मर लाव, नाहीतर फटाका. सप्लाय एकटा तपासायचा, बोर्डाला न जोडता. पण रिकामा चालवायचाही नाही, गेली तरी रडू येणार नाही अशी हार्ड डिस्क जोडायची. आणि मेनमध्ये सिरीजला साठ किंवा शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. भगभगीत पेटूनच राहिला तर शॉर्ट आहे, प्लग काढ. हा बल्ब माझ्या गुरूनं दिलेला मंत्र आहे, आणि त्या दिवशी तो माझ्या पिशवीतच होता.

मॉनिटर उघडायचा नाही. बंद असतानाही नाही. मी चाळीस वर्षांत गरज नसताना उघडला नाही.

फ्लॉपी मिळाल्या तर आधी उजेडात धर. सव्वापाच इंचीच्या मधल्या भोकात बोट घालून हळू फिरव आणि लांबट खिडकीतून बघ. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातलीस तर हेडला लागते आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉपी खरवडून काढते.

भंगारवाल्याकडे जाणारा सरकारी कचेरीचा किंवा छापखान्याचा डबा दिसला तर वरून कितीही कळकट असो, झाकण काढून आतली कार्डं बघ. पुण्यात १९८८मध्ये सीडॅक ही संगणक-संशोधन संस्था सुरू झाली, तिचा १९९१चा परम ८००० महासंगणक सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या कारकुनांना सीडॅक कळलं ते जिस्ट कार्डामुळे. ते बसवलं की डॉसवरच्या साध्या पॅकेजात मराठी दिसायची. मी पहिल्यांदा हिरव्या पडद्यावर 'ळ' पाहिला तेव्हा चहा विसरलो होतो. आज ती कार्डं सोन्याच्या मुलाम्यासाठी किलोनं जातात. तशीच दुसरी वस्तू डोंगल. मागच्या पोर्टात अडकवायचं दोन बोटांएवढं कुलूप, मराठी अक्षरांची महागडी पॅकेजं त्याशिवाय उघडायची नाहीत. लोकांना ते तुटका प्लग वाटतं. केबलींच्या गुंत्यात हात घालून शोध. आणि जमलं तर त्या मशीनवर बसलेल्या बाईंचा किंवा भाऊंचा पत्ता विचार. कुठली कळ कशी अडायची ते त्यांनाच माहीत असतं, आणि आता ती माणसंही सत्तरीत आहेत.

पावसाळ्यात प्लास्टिकनं गुंडाळू नकोस, आत घाम धरतो. जुन्या धोतराचं आवरण शिव आणि पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक मशीन चालव.

बाकी फोनवर सांगून व्हायचं नाही. बुधवारी बाजारात तो टाइपरायटर असला तर घे, नि सरळ इकडे घेऊन ये. माझा सिरीजचा बल्ब आणि स्क्रू-ड्रायव्हरांची पेटी काढून ठेवलीय. तीही घेऊन जा.